मॉडेल गाडीचा देखावा: आधी कॅमेऱ्याची जागा, मग पाया

आपल्याकडे १:१८, १:४३ आणि १:६४ अशा तीन प्रमाणांतल्या, म्हणजे खऱ्या गाडीहून अनुक्रमे १८, ४३ आणि ६४ पट लहान असलेल्या मॉडेल गाड्या आहेत. त्यांच्यासाठी आपण रस्ता, भिंत आणि काही झाडे असा देखावा तयार केला आहे, परंतु फोनवर काढलेल्या छायाचित्रांत गाडी टेबलावर ठेवलेल्या खेळण्यासारखीच दिसते, आणि ते चित्र पाहून कोणाच्या मनात गोष्ट उभी राहत नाही, अशी आपली अडचण आहे. या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे. देखावा आधी पूर्ण झाला आणि कॅमेरा कोठे ठेवायचा याचा विचार नंतर झाला. प्रदर्शनात मांडायचा देखावा लोक वरून आणि चारही बाजूंनी पाहतात, म्हणून तो सगळीकडून सारखाच पूर्ण असावा लागतो. छायाचित्रासाठीचा देखावा एकाच जागी उभ्या असलेल्या एकाच माणसाला दिसतो, आणि तो माणूस त्या छोट्या जगातलाच असावा लागतो. तो कोठे उभा आहे, त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे एकदा ठरले की बांधकामाचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

प्रथम उंचीचा हिशेब करावा. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १६० सेंटिमीटरवर असतात असे धरले, तर १:१८ च्या देखाव्यात भिंग जमिनीपासून जवळपास ९ सेंटिमीटरवर, १:४३ मध्ये ३.७ सेंटिमीटरवर आणि १:६४ मध्ये अवघ्या अडीच सेंटिमीटरवर यायला हवे. टेबलापाशी उभे राहून किंवा खुर्चीत बसून काढलेले चित्र या हिशेबाने तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून, किंवा त्याहूनही वरून काढल्यासारखे होते, आणि छोट्या गाडीचे खेळणेपण तेथेच उघड होते. फोनची भिंगे वरच्या टोकाला असतात, त्यामुळे फोन उलटा करून त्याची वरची कड देखाव्याच्या जमिनीला टेकवली की भिंग हवे तितके खाली येते. १:६४ साठी तर याखेरीज दुसरा सोपा मार्ग नाही.

अंतराचाही असाच हिशेब आहे. खऱ्या गाडीचे छायाचित्र आपण सहसा पाच-सहा मीटरवरून काढतो. सहा मीटर म्हणजे १:१८ मध्ये ३३ सेंटिमीटर, १:४३ मध्ये १४ सेंटिमीटर आणि १:६४ मध्ये साडेनऊ सेंटिमीटर. याहून फार जवळ गेल्यास पुढचा दिवा मोठा आणि मागचे चाक अगदीच लहान दिसू लागते, आणि एवढे विकृत चित्र खऱ्या गाडीचे नसते हे डोळ्याला लगेच कळते. चित्रातला दृष्टिकोन केवळ अंतरावर ठरतो, भिंगाच्या नाभ्यंतरावर (फोकल लेंग्थवर) नव्हे. म्हणून फोन इतक्या जवळून फोकस करत नसेल तर थोडे मागे सरकून नंतर चित्र कापावे, किंवा दुप्पट झूमची सोय वापरावी. अनेक फोन जवळची वस्तू समोर येताच आपोआप रुंद कोनाच्या भिंगाकडे वळतात. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी, कारण गाडी फुगीर दिसण्याचे ते एक मोठे कारण आहे.

आता फोकसविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण चांगल्या बांधलेल्या देखाव्याची चित्रेसुद्धा येथेच फसतात. ५० मिलिमीटर नाभ्यंतराच्या भिंगाने एफ-८ वर (एफ हे भिंगाच्या छिद्राचे माप, आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) खरी गाडी टिपताना भिंगाच्या छिद्राचा व्यास सहा मिलिमीटरांच्या आसपास असतो. १:१८ च्या जगातल्या छायाचित्रकाराकडे तोच कॅमेरा असता तर त्याचे छिद्र एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे सुईच्या टोकाएवढे असते. उलट आपण आपल्या पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यावर छिद्र एफ-१६ पर्यंत लहान केले, तरी त्या छोट्या जगाच्या हिशेबाने ते साडेपाच सेंटिमीटर रुंद ठरते. त्यामुळे गाडीचे नाक स्पष्ट आणि डिकी धूसर असे चित्र येते, आणि सवयीने डोळा त्याचा अर्थ ‘वस्तू लहान आहे’ असा लावतो. फोनचे भिंग मुळातच छोटे असल्याने मोठ्या कॅमेऱ्यावर छिद्र बरेच लहान केल्यावर मिळते तिच्या जवळपासची स्पष्टतेची खोली (पुढून मागेपर्यंत स्पष्ट दिसणारा पट्टा) फोनवर फारसे काही न करता मिळते. या कामात फोन ही उणीव मानू नये. मात्र पोर्ट्रेट मोड कटाक्षाने बंद ठेवावा, कारण जी धूसरता आपण टाळू पाहतो तीच तो कृत्रिमपणे निर्माण करतो. मोठा कॅमेरा असल्यास एफ-११ ते एफ-१६ या टप्प्यात काम करावे. त्यापुढे छिद्र आणखी लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरत असल्यामुळे, सगळे चित्रच मऊ पडू लागते. तेवढ्याने भागले नाही, तर ट्रायपॉड न हलवता पुढून मागे फोकस सरकवत अनेक चित्रे घ्यावीत आणि ती सॉफ्टवेअरने एकत्र करावीत. फोकस स्टॅकिंग म्हणतात ते हेच. त्या वेळी देखाव्यातले पान किंवा कापड वाऱ्याने हलता कामा नये.

क्षितिजाचा नियम सोपा असूनही फार थोड्यांच्या लक्षात येतो. सपाट जमिनीवर क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर दिसते. म्हणून मागे डोंगर किंवा रस्त्याचे छापील चित्र लावायचे असेल, तर त्या चित्रातले क्षितिज आपल्या भिंगाच्या उंचीवर यायला हवे. १:१८ च्या देखाव्यात ते जमिनीपासून नऊ सेंटिमीटरवर येईल. पार्श्वभूमीचे क्षितिज वर-खाली असले, की पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण गाडी हवेत तरंगत असल्याचा किंवा उतारावर असल्याचा भास होतो. छापील पार्श्वभूमी नेहमी मॅट कागदावर घ्यावी, शक्य तितकी मागे ठेवावी आणि तिच्यावर गाडीची सावली पडू देऊ नये.

छापील पार्श्वभूमीपेक्षाही चांगला उपाय म्हणजे देखावा उघड्यावर नेणे. मायकेल पॉल स्मिथ या अमेरिकी कलावंताने एल्गिन पार्क नावाचे काल्पनिक गाव याच पद्धतीने उभे केले. १:२४ प्रमाणातल्या गाड्या आणि स्वतः बांधलेल्या इमारती तो टेबलावर मांडत असे, आणि मागे खरी झाडे, खरी घरे व खरे आकाश येईल अशा जागी साध्या कॅमेऱ्याने चित्र घेत असे. हे जुळते कसे, याचे उत्तर वरच्याच हिशेबात आहे. कॅमेरा गाडीपासून प्रमाणशीर अंतरावर असेल, तर मागचे साठ मीटरवरचे खरे झाड त्या छोट्या जगातही साठ मीटरवरच असल्यासारखे दिसते, आणि कॅमेरा सपाट धरला असेल तर क्षितिज आपोआप जुळते. अडचण राहते ती टेबलाची कड आणि खरी जमीन यांच्यामधल्या फटीची. ती लपवण्यासाठी मागच्या कडेला कुंपण, ठेंगणी भिंत, झुडपे किंवा रस्त्याचा उंचवटा बांधावा. माझ्या मते देखाव्याच्या मागच्या कडेवर खर्च केलेली संध्याकाळ गाडीवर खर्च केलेल्या संध्याकाळीपेक्षा अधिक फळ देते.

उघड्यावर जाण्याचे आणखी मोठे कारण म्हणजे सूर्य. आकाशात सूर्य सुमारे अर्ध्या अंशाएवढा दिसतो, आणि त्यामुळे सावलीची कड किती मऊ पडेल हे वस्तूच्या उंचीच्या प्रमाणात ठरते. गाडी लहान केली की सावलीची कडही त्याच प्रमाणात बारीक होते, म्हणून उन्हातली छोटी गाडी सावलीपुरती तरी खऱ्या गाडीहून वेगळी नसते. खोलीतल्या ट्यूबलाइटला हे साधत नाही. खोलीतच काम करायचे असेल तर एकच छोटा, तीव्र दिवा घ्यावा आणि तो दूर ठेवावा. दोन सेंटिमीटर रुंदीचा प्रकाशस्रोत दोन मीटरवर ठेवला, तर तो जवळजवळ सूर्याएवढाच दिसतो. अंतराचा दुसरा लाभही आहे. दिवा देखाव्याच्या जवळच्या कडेपासून ५० सेंटिमीटरवर असेल आणि देखावा ४० सेंटिमीटर खोल असेल, तर पुढच्या कडेला मागच्या कडेच्या तिपटीहून अधिक प्रकाश पडतो. असा उतरता प्रकाश टेबललॅम्पचा असतो, आकाशाचा कधीच नसतो. तोच दिवा दोन मीटरवर नेल्यास हा फरक दीडपटीहून कमी होतो. पॅरिसमध्ये १८२२ साली चित्रकार बूताँ यांच्यासह डायोरामा नावाचे प्रदर्शन उघडणारे दागेर प्रचंड मोठ्या रंगवलेल्या पडद्यावरचा प्रकाश बदलून प्रेक्षकांसमोर दिवसाचे प्रहर पालटून दाखवत असत. पुढे १८३९ साली छायाचित्रणाची पद्धत ज्यांच्या नावाने जाहीर झाली, ते हेच दागेर. देखावा आणि छायाचित्रण हे आपले दोन्ही छंद एकाच माणसाच्या हातून गेले आहेत, हे मला नेहमी समर्पक वाटते.

गाडीचा चकचकीत रंग म्हणजे वाकडा आरसा आहे, आणि त्यात छत, खिडकी, फोन आणि आपला हात असे सगळे दिसते. खऱ्या गाडीच्या बॉनेटवर आणि टपावर आकाश उमटते, तर दारांच्या खालच्या भागात जमीन उमटते. म्हणून खोलीत काम करताना देखाव्याच्या वर मोठा पांढरा कागद किंवा पातळ कापड ताणून आकाश तयार करावे, आणि रस्त्याचा पृष्ठभाग चौकटीच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या बाजूलाही पुरेसा पसरवावा. चित्रात तो दिसणार नाही, पण दारांवर दिसेल.

बांधकामाविषयी सगळे लिहिण्याची गरज नाही, कारण आपण रस्ता आणि भिंत केलीच आहे. फक्त पोताकडे पाहावे. डांबरी रस्त्यातली दहा मिलिमीटरची खडी १:१८ मध्ये अर्धा मिलिमीटर आणि १:६४ मध्ये जेमतेम ०.१५ मिलिमीटर होते, म्हणून तिन्ही गाड्यांना एकच रस्ता चालत नाही. मोठ्या गाडीसाठी चाळलेली बारीक वाळू गोंदावर पसरावी, आणि लहान गाड्यांसाठी बारीक पॉलिश पेपर पुरेसा होतो. रंगवताना निव्वळ काळा कधी वापरू नये. वापरातला डांबरी रस्ता करडा असतो, चाकांच्या पट्ट्यांत थोडा गडद आणि कडेला धुळीने फिकट. ज्यांत मोजमाप लपत नाही अशा गोष्टींपासून दूर राहावे. खरे पाणी त्यांपैकी एक आहे, कारण पृष्ठताणामुळे थेंबाचा आकार प्रमाणात लहान होत नाही आणि १:४३ च्या टपावर तो उशीएवढा दिसतो. ओला रस्ता हवा असल्यास तेवढ्या भागावर चकचकीत वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात द्यावेत.

गाडीच्या बाबतीत पहिली गोष्ट म्हणजे तिचे वजन दिसले पाहिजे. खऱ्या गाडीचा टायर जमिनीवर किंचित बसलेला असतो, खेळण्याचा टायर एका रेषेवर टेकलेला असतो. मातीच्या रस्त्यात चाकाखाली उथळ खळगा करून, किंवा टायरचा तळ हलकेच घासून हा दोष जातो. संग्रहातली मौल्यवान गाडी असेल तर घासण्याच्या फंदात पडू नये, खळगाच करावा. गाडी आणि जमीन यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसत असेल तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. धूळ दाखवण्यासाठी कोरड्या रंगखडूची पूड मऊ ब्रशने चाकांच्या मागे, दारांच्या खालच्या पट्टीवर आणि डिकीच्या पाठीवर लावावी. ती नंतर पुसता येते, म्हणून मूळ गाडीला धोका नसतो, तरी मॅट रंगावर तिचा अंश राहू शकतो हे ध्यानात ठेवावे. पुढच्या काचेवर वायपर फिरतो तेवढा कमानीसारखा भाग कागद कापून झाकावा आणि मग धूळ द्यावी. त्या एका स्वच्छ कमानीने गाडी दूरवरून चालत आली आहे हे कळते. काचेजवळ सायनोअॅक्रिलेट गोंद (सुपरग्लू) वापरू नये, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढुरकी झाक येते. तेथे सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद बरा.

आता गोष्टीकडे वळतो. घटना घडत असतानाचा क्षण दाखवण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि स्थिर देखाव्यात नेमका तोच क्षण सर्वांत खोटा दिसतो. धावणारा माणूस गोठलेला दिसतो, उडणारी धूळ कापसासारखी दिसते. घटनेच्या थोडे आधीचा किंवा थोडे नंतरचा क्षण निवडावा, कारण त्या वेळी खऱ्या जगातही सगळे स्थिरच असते. अपघातग्रस्त गाडी आणि उघड्या बॉनेटमधून निघणारा धूर हे विषय मी सहसा सुचवत नाही. त्यांत प्रश्न आणि उत्तर एकाच जागी असते, आणि पाहणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही.

त्याऐवजी अशी गॅरेज कल्पावी, जिच्यात दोन गाड्यांची जागा आहे. एका जागी कापडाने झाकलेली गाडी उभी आहे आणि तिचा एकच दिवा कापडाखालून दिसतो. शेजारची जागा रिकामी आहे, परंतु धुळीने भरलेल्या फरशीवर गाडीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन आहे, त्याच्या मध्याशी तेलाचा डाग आहे, आणि दाराकडे जाणाऱ्या चाकांच्या दोन रेघा आहेत. येथे गोष्ट न दिसणाऱ्या गाडीची आहे. ती कोणी नेली, आणि झाकलेली गाडी मागे का राहिली, हे पाहणारा स्वतःच ठरवतो. बांधायला लागतात फक्त तीन भिंती, थोडी रंगखडूची पूड आणि कागद कापून केलेला एक चौकोन. पूड चाळण्यापूर्वी कागद जमिनीवर ठेवावा आणि नंतर उचलावा. चाकांच्या रेघांमधले अंतर गाडीच्या दोन चाकांमधल्या अंतराइतकेच आहे ना, हे मोजून पाहावे. पाहणारे मोजत नाहीत, पण चुकीचे अंतर त्यांना जाणवते.

हेच उघड्या रस्त्यावरही करता येते. घाटातल्या वळणावर गाडी कठड्याला लागून उभी आहे, चालकाचे दार उघडे आहे, शेजारच्या बाजूचे बंद आहे, आणि पुढची चाके रस्त्याच्या दिशेने वळलेली आहेत. चाके कठड्याकडे वळलेली असती तर गाडी घाईने थांबवली असा अर्थ निघाला असता. रस्त्याकडे वळलेली असल्याने ती निघण्याच्या बेतात होती असे वाटते, आणि मग उघडे दार अधिक बोलके होते. ज्या गाडीची चाके वळत नाहीत, तिच्या बाबतीत हाच अर्थ गाडीच्या उभ्या राहण्याच्या कोनातून आणावा. मात्र एका चित्रात एकच प्रश्न ठेवावा. उघडे दार, टाकलेली बॅग, कलंडलेली सायकल आणि तुटलेला कठडा हे सगळे एकत्र आले की गोष्टींची गर्दी होते आणि एकही ऐकू येत नाही.

माणसांच्या आकृत्या शक्यतो टाळाव्यात. १:६४ मध्ये त्यांचे चेहरे टिकत नाहीत आणि १:१८ मध्ये त्यांचे कपडे प्लॅस्टिकचे आहेत हे लपत नाही. घ्यायचीच असेल तर पाठमोरी किंवा बसलेली, आणि सावलीत असलेली आकृती घ्यावी. माणूस नुकताच येथे होता हे सांगणाऱ्या वस्तू अधिक विश्वासार्ह असतात, उदाहरणार्थ जॅकवर उचललेल्या गाडीशेजारी उताणी ठेवलेली चाकाची टोपी आणि तिच्यात जपून ठेवलेले नट. काळाचे भान मात्र सुटू देऊ नये. देखाव्यातली सर्वांत नवी वस्तू ज्या वर्षाची, त्याच्या आधीची गोष्ट तेथे घडू शकत नाही, आणि जुन्या गाडीमागे एलईडीचा पथदिवा आला की हा विषय जाणणारा पाहणारा तेथेच अडतो. रात्रीच्या चित्रात तर दिव्याच्या रंगावरूनच काळ ठरतो. जुन्या काळासाठी २७०० ते ३००० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचे माप) पिवळसर उजेड घ्यावा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १०० धरावा आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरने उघडावे.

आपल्याकडच्या गाड्या पाहता मी १:४३ पासून सुरुवात करण्याचे सुचवीन. ४० बाय ३० सेंटिमीटरचा पाया या प्रमाणात सुमारे सतरा मीटर बाय तेरा मीटरची जागा देतो, गॅरेज आणि तिच्यापुढचे अंगण त्यात सहज मावते, आणि फोनही पुरेशा जवळ जाऊ शकतो. पाया तयार करण्यापूर्वी गाडी कोऱ्या कागदावर ठेवून फोनच्या पडद्यावर चौकट निश्चित करावी, चौकटीच्या कडा कागदावर पेन्सिलीने आखाव्यात, आणि त्या रेषांच्या आत जे येते तेवढेच नीट बांधावे. गाडी पायाच्या कडेला समांतर ठेवू नये, थोडी तिरकी ठेवावी, आणि तिच्या नाकासमोर शेपटीमागच्यापेक्षा अधिक मोकळी जागा सोडावी. पाया झाल्यावर एकाच जागेवरून तीन चित्रे काढावीत: पहिल्यात दोन्ही गाड्या सकाळच्या उन्हात, दुसऱ्यात एका गाडीवर कापड, आणि तिसऱ्यात दुपार कलल्यावर एक जागा रिकामी. त्यासाठी फोनची जागा टेबलावर चिकटपट्टीने खूण करून ठेवावी, कारण तिन्ही चित्रांत भिंत तसूभरही हलली नाही तरच पाहणाऱ्याचे लक्ष बदललेल्या गोष्टीकडे जाते.